अपुऱ्या पत्त्यांचं टेबल

टपाल कचेरीत त्याला सगळे नकाशा म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बरोबर हेरला होता. छाटणीच्या लांब खोलीत अगदी शेवटी, जिन्याखाली, एक टेबल होतं. ज्या पाकिटावर पत्ता धड नसेल ते फिरून फिरून त्या टेबलावर यायचं. 'मावशी, पाण्याच्या टाकीजवळ, हिरवं दार' एवढं लिहून लोक पाकीट पेटीत टाकतात, मोकळे होतात, आणि पोहोचलं नाही की खात्याच्या नावाने बोटं मोडतात. अशांचं टपाल हा गडी बिनबोभाट पोहोचतं करायचा. "दार आता निळं केलंय, पण मावशी तीच आहे," असं पुटपुटत लाल पेनाने पत्ता पुरा करायचा. 'पत्ता अपुरा' असा एक शिक्का त्याला खात्याने दिला होता. त्याची शाई कधीच वाळून गेली होती. तो शिक्का मारणं म्हणजे त्याला स्वतःचं नाक कापून घेतल्यासारखं वाटे.

टेबलावर बसायच्या आधी तो कैक वर्षं खांद्याला थैली अडकवून शहर तुडवत होता, त्यामुळे दारं त्याला माणसांसारखी ओळखीची होती. चुकीचा पत्ता दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. बायको त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायची. "लग्नपत्रिका आली की लोक तारीख बघतात, आमचे हे पत्ता तपासतात," असं आल्यागेल्याला सांगायची. कधी लहर आली की त्यालाच विचारायची, "सांगा बरं, माझा पत्ता काय?" तो न चुकता म्हणायचा, "जिन्याच्या डाव्या हाताला, खालचं दार, चहाच्या ओट्यापाशी." मग चहा मिळायचा.

ती सूतगिरणीत होती. तिथल्या कापसाने छाती भरली ती भरलीच. शेवटी शेवटी खाटेशी श्वासाचं मशीन आलं. ते भिंतीतल्या विजेवर चाले. वीज गेली की आतली बॅटरी लागायची आणि थांबून थांबून एक बारीक शिट्टी वाजायची, पीं, पीं. म्हणजे, लवकर काहीतरी करा. वीज परत आली की एक लांब सूर निघून शिट्टी बंद व्हायची. बॅटरी संपली तर मात्र सूर नाही, काही नाही, शिट्टी मधेच तुटायची. हा फरक नकाशाला एकदाच ऐकायला मिळाला, आणि जन्माला पुरला.

त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीची वीज गेली. वीज कंपनीचा फोन 'आपण रांगेत आहात' एवढंच सांगत राहिला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी त्यांची एकुलती लेक गाडी शोधायला धावली, ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आणि थट्टा बघा नशिबाची, लेकीने आठवडाभर आधी मागवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर दुसऱ्या दिवशी दारात हजर झाला, छोट्या दोनचाकी गाड्यासकट. आणणाऱ्याचा चेहरा पडला. परत नेतो म्हणाला. नकाशाने नेऊ दिला नाही. जिथे खाट होती त्या कोपऱ्यात तो उभा केला आणि त्यावर बायकोची फुलाफुलांची चादर टाकली. लेकीला ते बघवायचं नाही.

त्याने कंपनीला पत्र लिहिलं. महिन्यांनी उत्तर आलं, तेही अपुऱ्या पत्त्यावर, म्हणून भटकत भटकत त्याच्याच टेबलावर. 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' गैरसोय! माणूस गेलं आणि ह्यांना गैरसोय दिसली. नकाशाने ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी एकही पाकीट हातावेगळं केलं नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनी त्याचं काम आपसांत वाटून घेतलं.

काळोख त्याला दाखवला तो लेकीनेच. बापाचं मन कशात तरी रमेल असं तिला वाटलं, आणि ह्याचाच तिला पुढे पश्चात्ताप झाला. काळोख हे इंटरनेटवरच्या एका टोळीचं नाव. टोळीत कोण, किती, कुठले, कुणाला पत्ता नाही. 'आमचा पुढारी नाही, म्हणून तो विकतही घेता येत नाही,' असं त्यांच्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं होतं. ही मंडळी कंपनीच्या संगणकांत शिरली होती आणि सुरुवातीला त्यांनी नुसता धुमाकूळ घातला. कंपनीचं पान उघडावं तर काळी पाटी आणि मधोमध एक विझलेला दिवा. मोठ्या चौकातल्या जाहिरातीच्या पडद्यावर एका दुपारी अचानक थोरल्या साहेबांचं फोनवरचं बोलणं अक्षरांत झळकलं. 'त्या वस्त्यांची काय एवढी घाई? त्यांना सवय असते.' शहर पोट धरून हसलं. कचेरीतल्या हेडबाईसुद्धा हसल्या, ज्यांना हसताना पाहणं दुर्मीळच. बायको गेल्यापासून नकाशाही पहिल्यांदा हसला.

मग काळोखवाल्यांनी कंपनीचे आतले हुकूम बाहेर काढले. कुठली वीज आपोआप गेली आणि कुठली हाताने बंद केली, सगळं. नकाशाने आपली वस्ती शोधली, ती संध्याकाळ शोधली. वीज हाताने बंद केलेली होती. पलीकडच्या नव्या बाजारपेठेत कसलासा सोहळा होता, तिथली रोषणाई मंद पडू नये म्हणून. खाली एका कनिष्ठ अभियंत्याची सही. नकाशाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस तो दैवाला बोल लावत होता, आणि दैव तर कुठल्याशा खुर्चीत बसून सही करत होतं!

ह्यानंतर पानावर पत्ते येऊ लागले. साहेबांचे, उपसाहेबांचे, सह्या करणाऱ्यांचे. 'जा, शांतपणे भेटा, जाब विचारा,' असं वर लिहिलेलं असे. शांतपणे हा शब्द जाड अक्षरात होता, म्हणजे लिहिणाऱ्यांनाही त्याचा फारसा भरवसा नसावा. पण पत्ते होते कंपनीच्या जुन्यापुराण्या नोंदींतले, सगळा आनंदीआनंद. घर एकीकडे, गल्ली दुसरीकडे, खुणेचं झाड केव्हाच तोडलेलं. लोक खाली विचारत, 'हे कुठे आलं? कुणाला माहीत आहे का?' आणि नकाशाचे हात शिवशिवले. त्याने टपाल असं नाव घेतलं आणि पहिला पत्ता पुरा केला.

लगेच आभारांचा पाऊस पडला. टपाल दादा, तुम्ही ग्रेट आहात. टपाल, हा पण बघा ना. खात्याने इतक्या वर्षांत त्याला एक शब्द चांगला म्हटला नव्हता. नकाशा रोज संध्याकाळी जेवणाआधी बसून पत्ते लावू लागला, चष्मा नाकावर ओढून, कचेरीत बसतो तसाच.

लेकीने एकदा ते बघितलं. "बाबा, हे बंद करा."

"मी काय केलं? नुसते पत्ते तर दुरुस्त करतोय."

"त्या पत्त्यांवर लोक जातात."

"जावं की. विचारावं की. मला कुणी उत्तर दिलं का?"

"विचारायला जाणारे दहा असतात हो, पण त्यांच्या मागे कोण चालतं ते कुणाला माहीत नसतं. हे थांबवायचं म्हटलं तर कुणाला सांगणार तुम्ही? तिथे कुणी आहे का सांगायला?"

"तूच दाखवलंस मला," तो म्हणाला. ती ताट न घेताच उठली.

आधी सगळं मजेतच चाललं होतं, हे खरं. लोक साहेबाच्या दारापुढे जमायचे, कुणीतरी खांबावर चढून त्या घराचा फ्यूज काढायचं, मग सगळे अंधारात रस्त्यावर बसून गाणी म्हणायचे आणि घरी जायचे. एक साहेब तोंडाला साबण लावलेला, टॉवेल गुंडाळून बाहेर आला, त्याचा फोटो शहरभर फिरला. पुढे एका घराच्या काचा फुटल्या. मग एका दारातली मोटारसायकल जळली. मग कंपनीचं एक कार्यालय, आणि त्याला लागून असलेलं औषधाचं दुकान, ज्याचा विजेशी काडीचा संबंध नव्हता. काळोखच्या पानावर आलं, 'आम्ही जाळा म्हटलेलं नाही. जाळू नका असंही म्हणू शकत नाही. इथे कुणीच कुणाला हुकूम देत नाही.' वाचताना नकाशाला क्षणभर कसंतरीच झालं. पण खाली टपाल टपाल चाललेलंच होतं, तेव्हा त्याने चष्मा पुसला आणि पुढचा पत्ता घेतला.

आणि मग तो कनिष्ठ अभियंता आला. त्याचं नाव आणि कंपनीच्या वसाहतीतल्या घराचा पत्ता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'घराला कुलूप आहे. पळाला. कुणाला ठावठिकाणा माहीत?'

नकाशाला होता. माणूस घर बदलतो तेव्हा टपालात पत्ताबदलाचा अर्ज देतो, की माझी पत्रं ह्यापुढे अमक्या पत्त्यावर पाठवा. ह्या अभियंत्याचा अर्ज नकाशाच्याच टेबलावरून गेला होता. त्याची सगळी पत्रं आता नकाशाच्या घरापलीकडच्या गल्लीत जात होती. ही माहिती टेबलाबाहेर न्यायची नसते, पहिल्याच दिवशी खातं तशी शपथ घ्यायला लावतं. एवढी वर्षं नकाशाने ती डोळ्यांत तेल घालून पाळली होती. त्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं की हाही एक अपुरा पत्ताच आहे. आणि पुरा करून टाकला.

टपालातल्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. टपालात पत्रं जिथे जातात तिथे माणूस राहतो, एवढं सोपं आहे सगळं. पत्रं नुसती ठेवून घेणारंही कुणी असू शकतं, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. अभियंता बदली होऊन दुसऱ्या शहरात गेला होता. पलीकडच्या गल्लीत राहत होती त्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. भावाची पत्रं त्या एका टोपलीत जमवून ठेवत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गल्ली माणसांनी फुलून गेली. नकाशा गेला होता. ह्या जमावांबरोबर आजवर तो कुठल्याच दारी गेला नव्हता, पण ह्या माणसाचं तोंड त्याला बघायचं होतं. तोंडाला फडकी बांधलेली पोरं, कामावरून परतणारी माणसं, नुसती मजा बघायला आलेलीही पुष्कळ. खिडकीच्या फटीतून एक बाईमाणूस ओरडत होतं, "तो इथे राहत नाही हो! राहत नाही तो इथे!" लोक हसले. सगळेच असं म्हणतात. जवळच्या एकाने नकाशाला विचारलं, "काका, हाच ना पत्ता? तुम्ही ह्याच भागातले दिसता."

"शंभर टक्के," नकाशा म्हणाला. छाती थोडी फुगलीच त्याची. "ह्यात चूक व्हायची नाही."

कुणीतरी खांबावर चढलं. फ्यूज निघाला, घर अंधारलं, गल्लीत आरोळी उठली. आणि त्या आरोळीच्या तळाशी नकाशाने ऐकलं, पीं, पीं.

एवढ्या गर्दीत तो आवाज ओळखणारा तो एकटाच होता. बाकीच्यांना तो ऐकूही गेला नसेल. "फ्यूज लावा!" तो ओरडला. "आत मशीन आहे! कुणीतरी आजारी आहे आत!" कुणाला सांगणार? खांबावरून उतरलेला पोरगा फ्यूज खिशात घालून पुढच्या गल्लीत पसार झाला होता. नकाशाने एकाचा दंड धरला, तो म्हणाला मला काय सांगता. दुसऱ्याचा धरला, तो म्हणाला पुढे सांगा. पुढे गेला तर तिथलेही म्हणाले पुढे सांगा. कोपऱ्यावर कंपनीची गाडी पेटली होती आणि तिच्या पलीकडे रुग्णवाहिका भोंगा वाजवत नुसतीच उभी होती.

तेव्हा त्याला कोपऱ्यातला सिलिंडर आठवला. ह्या वयात माणूस धावतो तसा तो धावला. घरी जाऊन चादरीसकट गाडा ओढत बाहेर काढला, चादर काढायलाही थांबला नाही. गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा लोकांनी वळून बघितलं. म्हातारा माणूस, घामाघूम, गाड्यावर चादरीखाली सिलिंडर.

"अरे वाट द्या, वाट द्या!" कुणीतरी आनंदाने ओरडलं. "काकांनी गॅस आणलाय!"

गर्दी दुभंगली. टाळ्या पडल्या. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, दोघांनी तर पायऱ्यांवर गाडा चढवून दिला. त्याच्या सबंध आयुष्यात त्याला कुणी असं डोक्यावर घेतलं नव्हतं. तो दारावर मुठी आपटत ओरडत होता, "बाई, उघडा! ऑक्सिजन आहे! मी टपालातला!" पण मागच्या जल्लोषात त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. खिडकीची फट एकदा किंचित रुंदावली. आतल्या दोन डोळ्यांनी त्याला पाहिलं, गाड्याकडे पाहिलं, त्याच्यामागे टाळ्या पिटणाऱ्या जमावाकडे पाहिलं. फट मिटली. आत काहीतरी जड दाराशी सरकवल्याचा आवाज झाला.

तो दार बडवत राहिला. मग शिट्टी मधेच तुटली. लांब सूर आला नाही.

बाईंचे यजमान गेले. बस चालवायचे पूर्वी, विजेच्या कंपनीशी त्यांचं नातं इतकंच की बायकोचा भाऊ तिथे होता. शहरात संचारबंदी लागली, पोलिसांनी दिसेल त्याला उचललं. काळोखच्या पानावर आलं की जे झालं ते दुःखद आहे, त्याला कुणी एक जबाबदार नाही. त्याच्या खालीच नव्या पत्त्यांची विचारणा होती आणि कुणीतरी हाक मारली होती, टपाल, आहात का? नकाशाने फोन लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्यातून मला काढून टाक." तिने काढलं. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत विचारलं, "बाबा, आईचा सिलिंडर कुठे आहे?" तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, गाडा त्या गर्दीतच कुणीतरी ओढून नेला हेही. ती त्याच्याशेजारी बसून रडली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

संचारबंदी उठल्यावर कचेरी उघडली आणि टेबलावर पाकिटांचा ढीग आला. त्यात बरीचशी एकाच घरची होती. बाईंचे जुने विद्यार्थी, कुठून कुठून. 'आमच्या बाई, शाळेमागे, पायऱ्यांचं घर.' एकालाही धड पत्ता ठाऊक नव्हता. नकाशाने एकेक पुरा केला, गठ्ठा बांधला आणि वाटप करणाऱ्याकडे न देता स्वतः निघाला. वाटेत तो मनाशी शब्द जुळवत होता. पत्ता मी दिला, हे आधी सांगायचं. मग सांगायचं की मी ऑक्सिजन आणला होता, बाई, जीव तोडून आणला होता. तेवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी स्वतःच्या बाजूची होती.

दार बाईंनीच उघडलं. त्यांनी गठ्ठा घेतला, मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुम्ही होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "गाडा घेऊन."

"होतो. आणि तुमच्या भावाचा हा पत्ता त्या लोकांना मीच दिला. पत्ताबदलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता."

बाईंनी चौकट धरली. बोलल्या तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

"मला एकच सांगा. त्या चादरीखाली काय होतं? शेजारीण म्हणते, तो ऑक्सिजनचा होता, दवाखान्यातल्यासारखा. ती म्हणते, तू दार उघडलं असतंस तर... माझा डोळ्याला डोळा लागत नाही हो. तुम्ही काय ओरडत होता? खरं सांगा."

नकाशाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला आपल्या घरातला तो कोपरा आठवला, आणि रोज उठून 'मी आधी धावलो असतो तर' असं म्हणत काढलेले दिवस आठवले.

"गॅस होता," तो म्हणाला. "घर पेटवायला आणला होता."

बाईंचा श्वास सुटला. "म्हणजे मी उघडलं नाही ते..."

"बरं केलंत. उघडलं असतंत तर तुम्हीही गेला असतात."

तेव्हा कुठे त्या रडल्या. आणि रडता रडता हातातला गठ्ठा त्यांनी त्याच्या अंगावर भिरकावला. "निघा! पोलिसांना सांगेन मी. तुमचं नाव सांगेन!"

"सांगा," नकाशा म्हणाला. त्याने वाकून पत्रं गोळा केली, झटकली, उंबऱ्यावर रचून ठेवली. मग खिशातलं लाल पेन काढून पुढे केलं. "लिहून घ्या, नाहीतर त्यांना सापडायचं नाही. पलीकडची गल्ली. घराचा जुना नंबर देऊ नका, नवा द्या. खालचं दार, जिन्याच्या डाव्या हाताला."

बाईंनी एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. त्याने ते उलट्या बाजूने वाचलं, नंबरातला एक आकडा चुकला होता तो त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला, आणि लेकीला काय सांगायचं ह्याचा विचार करत पायऱ्या उतरला.